तबकडीतले खाँसाहेब

मांडवात स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात आणि आवाज किती ठेवायचा यावर बैठकीत दरवर्षी खडाजंगी होते. आमच्या आजोबांच्या काळी मात्र घरात गाणे हवे असेल तर पेटीला चावी द्यावी लागे, पिन बदलावी लागे आणि मुलांना लांब बसवावे लागे. त्या पेटीतून जे आवाज मराठी घरांत शिरले आणि कायमचे राहिले, त्यांत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा आवाज आम्हाला सगळ्यांत जवळचा वाटतो. आपण त्यांना मिरजेचे म्हणतो, पण त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते आपल्या गुजरातेत, बडोद्याला.

जन्म 1872 चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. घरात पिढीजात गाणे. तरुणपणी ते सयाजीराव महाराजांच्या दरबारी गवई झाले. तिथे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. मुसलमान गवई आणि मराठा सरदाराची मुलगी. त्या काळी हे कुणाला मानवणार? दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबई गाठली. बडोद्याहून मुंबईला जाणारी रेल्वे तेव्हाही आपल्या सचिनवरूनच जात होती. पुढे संसार मिरजेत स्थिरावला.

याच सुमारास हिंदुस्थानात एक नवे यंत्र आले. 1902 साली गायसबर्ग नावाचा साहेब कलकत्त्याला ध्वनिमुद्रणाचे सामान घेऊन उतरला. पुढच्या दोन-तीन वर्षांत खाँसाहेबही त्या यंत्रासमोर गायले. मायक्रोफोन नव्हता, वीजही नव्हती. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. त्या आवाजाने पातळ पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या चकतीवर रेघ कोरायची. घरी ऐकताना हेच उलटे व्हायचे. चावीच्या स्प्रिंगवर मिनिटाला सुमारे 78 फेरे घेणारी लाखेची तबकडी, वर पोलादी पिन आणि आवाज मोठा करायला पुन्हा कर्णाच. तासभर फुलणारा राग तीन मिनिटांत आटपायचा! अनेक गवयांना यात विद्येचा अपमान दिसला, आणि आम्हाला त्यांचे अगदीच चुकले असे वाटत नाही.

कर्ण्याला खडा, दणदणीत आवाज मानवे. खाँसाहेबांचा गळा बारीक, टोकदार आणि हळवा. अगदी सुक्ष्म श्रुतींवर ते जीव टाकत. म्हणून त्यांच्या आवाजाला खरा न्याय मिळाला तो उतारवयात. 1925 च्या सुमारास ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आला आणि 1934 नंतर ओडियनसाठी त्यांनी गायलेल्या तबकड्यांत श्वाससुद्धा ऐकू येतो. तोवर घरातल्या यंत्राचेही रूप पालटले होते. बाहेर डोकावणारा कर्णा लाकडी कपाटाच्या पोटात गेला, आणि पुढे सगळे यंत्रच प्रवासी पेटीत मावू लागले.

एक गंमत सांगायलाच हवी. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. खाँसाहेबांनी मात्र टिपू नावाच्या आपल्या कुत्र्याला सुरात आवाज लावायला शिकवले आणि मुंबईत लोकांसमोर त्याला गायलाही बसवले!

1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. पण घर टिकले नाही. पुढे ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावेसुद्धा बदलली: अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर, सकीनाची सरस्वती, म्हणजे पुढच्या सरस्वतीबाई राणे. बापाचे नाव गेले, गाणे गेले नाही. बडोदे सुटले तरी ते नावात राहिलेच. हिराबाईंच्या तबकड्याही पुढे घरोघरी वाजल्या. म्हणजे बाप आणि लेक एकाच कपाटात, एकावर एक ठेवलेले.

शिष्यांत सवाई गंधर्वांचे नाव पहिले. पण समोर न बसता शिकलेला एक जण होता. गदगचा एक शाळकरी मुलगा दुकानात वाजणारी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून वेडा झाला आणि गुरू शोधायला घरातून पळाला. भीमसेन जोशी ही आठवण पुढे स्वतः सांगत. तीन मिनिटांच्या गाण्याला नाके मुरडणाऱ्यांना आम्ही हेच उदाहरण देतो.

ऑक्टोबर 1937 मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत कळा येऊ लागल्या, म्हणून ते सिंगपेरुमल कोइल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले, तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारीचे सूर लावत, प्रार्थना करत त्यांनी देह ठेवला. तारीख 27. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले. तिथल्या उरुसात दरवर्षी गवई येतात आणि त्यांच्यासाठी गातात.