इतिहासाचार्य राजवाडे आणि सकळ लिपी

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निवर्तले, तेव्हा त्यांच्यामागे संसार असा नव्हता. होती ती कागदपत्रांची दप्तरे. पत्नी तरुणपणीच वारल्या, त्यांनी पुनर्विवाह केला नाही. गावोगाव पायपीट करून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत प्रसिद्ध केली.

महानुभावांस त्यांचे स्मरण निराळ्या कारणाने होते. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी योजिली आणि पंथाचे ग्रंथ सांकेतिक अक्षरांत गेले. हेतू ब्रह्मविद्येच्या रक्षणाचा होता. परंतु जे वाचता येत नाही त्याविषयी लोक वाटेल ते बोलतात. आणि आपण काय मानतो हे सांगण्याचे दार तर पंथानेच लोटून घेतले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ह्या लिपीचा उलगडा केला. मठांत त्याचा विषाद वाटला असल्यास नवल नाही. घरची पेटी परक्याने उघडिली होती, आणि तीही आपणांस न विचारता.

तथापि हा न्याय त्यांनी स्वजनांसही लाविला. भारतीय विवाहसंस्थेवरील निबंधांत वैदिक पूर्वजांचे आचार त्यांनी झाकले नाहीत, क्षोभ पत्करला. इंग्रजी उत्तम येत असता लेखन मराठीतच केले.

धुळ्यास १९२७ मध्ये त्यांच्या नावे संशोधनसंस्था उभी राहिली. वि. भि. कोलते ह्यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये बाळबोध लिपीत शासनाने प्रसिद्ध केले, आणि त्यातील काही लीळांवर पंथातूनच आक्षेप आले.