न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस : कंपनीच्या पडद्याआडचा माणूस शोधणारे न्यायाधीश

जानेवारी २०२५ मध्ये मीरा रोडसह मुंबई परिसरातील टोरेस या दागिन्यांच्या दुकानांसमोर गुंतवणूकदारांची गर्दी उसळली. पोलिसांनी गुन्हा नोंदविला तो दुकान चालविणारी कंपनी आणि तिचे संचालक या दोघांवर. खरे-खोटे न्यायालय ठरवील. पण कंपनी आरोपी होते म्हणजे नेमके कोण आरोपी होते, हा प्रश्न जुनाच आहे. स्वतंत्र भारतात त्याला तपशिलाने भिडावे लागले ते नागपूरच्या एका न्यायाधीशाला.

व्हिव्हियन बोस यांचा जन्म ९ जून १८९१ रोजी अहमदाबादेत झाला. घराणे बंगाली, कर्मभूमी मात्र नागपूर. आजोबा सर बिपिन कृष्ण बोस हे तेथील नामांकित वकील व नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. केंब्रिजला शिकून १९१३ मध्ये बॅरिस्टर झालेल्या नातवाने नागपुरातच वकिली केली आणि १९२४ ते १९३० या काळात विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. १९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले तेव्हा ते त्याचे न्यायाधीश झाले, १९४९ मध्ये मुख्य न्यायाधीश आणि मार्च १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. नोबेल पारितोषिकविजेते जॉन मॉट यांची कन्या आयरीन या त्यांच्या पत्नी. मोटारीने लांबलांबचे प्रवास करण्याचा आणि बालवीर चळवळीचा त्यांना मनस्वी नाद होता.

फौजदारी वकिलांना बोस हे नाव आजही परिचित आहे ते ११ मार्च १९५८ च्या विरसासिंग खटल्यातील निकालामुळे. निवृत्तीनंतर त्यांना पुन्हा न्यायासनावर पाचारण करण्यात आले होते, त्या काळातला हा निकाल. भाल्याच्या एका घावाने पंजाबात एक माणूस मेला होता. आरोपीला ठार मारायचेच होते काय, याचा शोध घेण्याची गरज नाही. तोच घाव घालण्याचा हेतू होता आणि तो घाव स्वाभाविकपणे मृत्यू आणणारा होता, एवढे सिद्ध झाले की खुनाचा गुन्हा पुरा होतो, असे त्यांनी ठरविले. मनातला हेतू कृतीवरून ओळखायचा, ही ती कसोटी. पण ज्याला मनच नाही, त्याचा हेतू कसा ओळखायचा? थोड्याच दिवसांत बोस यांच्यापुढे आले ते नेमके असेच आरोपित.

डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत डालमिया-जैन समूहातील विमा कंपनीच्या व्यवहारांवर प्रहार केला. वर्षभराने, ११ डिसेंबर १९५६ रोजी, समूहातील अनेक कंपन्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. यादीत डालमिया-जैन एअरवेज होती, तशा मुंबईच्या शापूरजी भरुचा आणि माधवजी धरमसी या गिरण्याही होत्या. पहिले अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. आर. तेंडोलकर. रामकृष्ण डालमिया यांनी आयोगालाच न्यायालयात आव्हान दिले. २८ मार्च १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोग वैध ठरविला. मात्र त्याच्या कार्यकक्षेतील एक कलम छाटले. शिक्षा व्हावी म्हणून काय करावे, हे आयोगाने सांगावयाचे नाही. सत्य शोधावे, भविष्यासाठी उपाय सुचवावेत आणि थांबावे. तेंडोलकरांनंतर या अशा हात बांधलेल्या आयोगाची धुरा बोस यांच्याकडे आली.

दरम्यान त्यांना एक वेगळाच अनुभव घ्यावा लागला. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे समभाग घेतल्याचे प्रकरण १९५८ मध्ये न्यायमूर्ती छागला यांनी उघड केले आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. पाठोपाठ संबंधित अधिकाऱ्यांची चौकशी बोस यांच्या अध्यक्षतेखाली झाली. मुंदडांनी काँग्रेसला दिलेल्या निवडणूक निधीचा उल्लेख त्यांनी अहवालात केला. जून १९५९ मध्ये पंतप्रधान नेहरू पत्रकार परिषदेत त्यांच्या बुद्धीविषयीच उणा शब्द बोलून गेले. कोलकात्याच्या वकिलांनी निषेध नोंदविला. नेहरूंनी बोस यांची आणि सरन्यायाधीशांचीही क्षमा मागितली. पंतप्रधानांनी न्यायाधीशाची अशी माफी मागण्याचे प्रसंग विरळाच.

डालमिया-जैन अहवाल १९६२ मध्ये पूर्ण होऊन पुढील वर्षी संसदेत आला. एका कंपनीचा पैसा दुसरीत, दुसरीचा तिसरीत. समभाग भलत्यांच्याच नावे. फुगविलेले हिशेब, आणि नुकसान मात्र साध्या भागधारकांचे. कागदावर प्रत्येक कंपनी स्वतंत्र, सूत्रे मात्र मोजक्या हातांत. कंपनीच्या सहीमागचा हात कोणाचा, हे शोधण्यातच आयोगाची वर्षे गेली. पुढे दफ्तरी-शास्त्री समितीने शिफारशींची छाननी केली आणि १९६३ व १९६५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्त्या झाल्या. उपाय झाले ते भविष्यासाठी. भारत इन्शुरन्स कंपनीच्या दोन कोटींहून अधिक रकमेच्या अपहाराबद्दल डालमियांना दोन वर्षांची कैद झाली, १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पण तो खटला वेगळा, आणि तुरुंगात गेली ती व्यक्ती.

कंपनीला कोठडीत टाकता येत नाही, ही अडचण मात्र सुटली नव्हती. जेथे कैद अनिवार्य आहे, त्या गुन्ह्यांत कंपनीवर खटलाच चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येही दिला. ५ मे २००५ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात तो तीन विरुद्ध दोन मतांनी फिरविला. कैद शक्य नसेल तेथे दंड करावा, खटला टळणार नाही, असे ठरले. २०१० मध्ये आयरिडियम प्रकरणात आणखी एक पाऊल पडले : कंपनीचा कारभार ज्यांच्या हाती, त्यांचे मन तेच कंपनीचे मन.

बोस यांचे निधन २९ नोव्हेंबर १९८३ रोजी बंगळूर येथे झाले होते.