कार्लो अबार्थ : फिएटच्या शर्यत विभागामागचा माणूस



आपल्या पिढीला फिएट म्हणजे मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीत तयार होणारी साधी घरगुती गाडी. त्याच फिएटचा शर्यत विभाग ज्यांच्या कंपनीतून उभा राहिला, त्या कार्लो अबार्थ यांची ही थोडक्यात ओळख.

त्यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1908 रोजी व्हिएन्नात झाला. मूळ नाव कार्ल. पाश्चात्त्य पद्धतीने रास वृश्चिक, म्हणून पुढे कंपनीचे चिन्ह विंचू झाले. तरुणपणी ते मोटरसायकलच्या शर्यतीत उतरत. 1934 मध्ये साइडकारच्या मोटरसायकलवर व्हिएन्ना आणि ऑस्टेंड यांदरम्यान त्यांनी ओरिएंट एक्स्प्रेस या रेल्वेगाडीला मागे टाकले. पुढे गंभीर अपघाताने तो मार्ग बंद झाला. युद्धकाळ युगोस्लाव्हियात काढून ते इटलीत स्थिरावले आणि कार्लचे कार्लो झाले.

तिथे ते चिसितालिया कंपनीचा शर्यतीचा कारभार पाहत. ती कंपनी बुडाली, तेव्हा हिशेबात काही गाड्या व सुटे भाग त्यांच्या वाट्याला आले. त्यावरच त्यांनी 31 मार्च 1949 रोजी अबार्थ कंपनी काढली. पुढच्याच वर्षी नुव्होलारी या नामांकित चालकाने आपला अखेरचा विजय अबार्थच्या गाडीत मिळवला.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे माझे लक्ष जमाखर्चाकडे जाते. शर्यतीत नाव होते, पण खर्च फार. अबार्थ सामान्य गाड्यांसाठी सायलेन्सर बनवून विकत, आणि घरखर्च त्यातून चाले. पुढे फिएटच्या छोट्या 600 व 500 या गाड्यांवर काम करून त्यांनी त्या शर्यतीत उतरवल्या. फिएट त्यांना प्रत्येक विजयामागे बक्षिसाची रक्कम देई. 1965 मध्ये, वयाच्या 57 व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, अरुंद गाडीत मावावे म्हणून त्यांनी तीस किलो वजन उतरवले आणि मोंझा येथे विक्रम केले.

तरीही शर्यतींचा वाढता खर्च कंपनीला पेलवेना. 1971 मध्ये त्यांनी ती फिएटला विकली आणि ती फिएटचा शर्यत विभाग झाली. त्या विभागाच्या गाडीने 1977, 1978 आणि 1980 मध्ये जागतिक रॅली अजिंक्यपद फिएटला मिळवून दिले. 24 ऑक्टोबर 1979 रोजी व्हिएन्नातच अबार्थ यांचे निधन झाले.

2015 मध्ये विंचवाचे चिन्ह असलेली पुंटो पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात तयार झाली. आपल्यापैकी ज्यांची मुले स्वतःचा धंदा काढू पाहत आहेत, त्यांनी अबार्थ यांचे विक्रम जरूर सांगावेत, पण सायलेन्सरचा हिशेब आधी समजावून द्यावा.