लुई पाश्चर : कोंबड्यांच्या खुराड्यातून लसीकडे

फ्रान्समधील दोल या गावी, कातडी कमावण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका साध्या कॅथोलिक कुटुंबात, २७ डिसेंबर १८२२ रोजी लुई पाश्चर यांचा जन्म झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते. आपल्या घरी येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर ज्यांचे नाव आजही छापलेले असते, ते हेच पाश्चर. ते डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. अनेक डॉक्टरांना ही गोष्ट अखेरपर्यंत खटकत राहिली.

१८४९ मध्ये मारी लोराँ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परमेश्वराने त्यांना पाच अपत्ये दिली; पैकी तीन मुली लहानपणीच देवाघरी गेल्या. थोरली जान १८५९ मध्ये विषमज्वराने गेली, चिमुकली कामीय १८६५ मध्ये, आणि बारा वर्षांची सेसील पुढच्याच वर्षी, तीही विषमज्वराने. १८६८ मध्ये स्वतः पाश्चर यांना पक्षाघाताचा झटका आला व शरीराची डावी बाजू अधू झाली. ज्या कार्यासाठी जग त्यांना ओळखते त्यातील मोठा भाग यानंतरचा आहे, हे विसरता कामा नये.

त्या काळी युरोपातील खुराडी एका रोगाने ओस पडत असत. त्यास कोंबड्यांचा कॉलरा म्हणत. माणसाच्या कॉलऱ्याशी त्याचा काहीही संबंध नाही. हा जिवाणू बहुधा पक्ष्याच्या नाकातोंडाच्या व घशाच्या नाजूक आवरणातून शरीरात शिरतो. त्याच्याभोवती एक चिकट कवच असते. त्यामुळे जंतू गिळून टाकणाऱ्या रक्तपेशींना तो सहजासहजी सापडत नाही. रक्तात त्याची झपाट्याने वाढ होते, फुप्फुसांना सूज येते, चोचीतून चिकट स्राव गळतो, श्वास जलद चालतो, तुरा निळा पडतो. कधी तर सकाळी दाणे टिपणारी कोंबडी सायंकाळी मेलेली आढळते. रोग रेंगाळला तर गलोल व डोळ्यांभोवतीचा भाग सुजतो, श्वासात घरघर येते. वाचलेला पक्षी वरकरणी धडधाकट दिसतो. मात्र त्याच्या नाकाघशात जंतू टिकून राहतात आणि पाण्याच्या भांड्यातून साऱ्या कळपात पसरतात.

तुलूझ येथील पशुवैद्य आंरी तूसाँ यांनी हा जंतू वेगळा केला होता. त्यांच्याकडूनच पाश्चर यांना त्याचे बीज मिळाले. पाश्चर यांनी तो कोंबडीच्याच रश्श्यात वाढवला. त्या रश्श्याचे काही थेंब पावाच्या तुकड्यावर टाकून खाऊ घातले तरी कोंबड्या मरत. १८७९ च्या सुटीनंतर मात्र नवल घडले. बरेच दिवस पडून राहिलेला रस्सा टोचलेल्या कोंबड्या थोड्या आजारी पडल्या, पण जगल्या. पुढे ताजे, जहाल जंतू टोचूनही त्यांना काही झाले नाही! जंतू दुबळा करून त्याचीच लस बनवता येते, हे फेब्रुवारी १८८० मध्ये पाश्चर यांनी विज्ञान अकादमीपुढे मांडले. देवीची लस निसर्गात आयती सापडली होती. ही प्रयोगशाळेत घडवलेली होती.

हे सारे निव्वळ योगायोगाने झाले, अशी कथा शालेय पुस्तकांतून सांगितली जाते. पाश्चर यांच्या प्रयोगवह्या पुढे अभ्यासकांना खुल्या झाल्या तेव्हा दिसून आले की, त्यांचे सहकारी एमील रू यांनी त्या काळात चिकाटीने व हेतुपूर्वक प्रयोग केले होते. १८८१ मध्ये पुयी-ल-फोर येथे मेंढ्यांवर झालेल्या सुप्रसिद्ध प्रयोगात वापरलेली लसही पाश्चर यांच्या स्वतःच्या पद्धतीची नव्हती. ती रासायनिक द्रव्याने बनवलेली, तूसाँ यांच्या मार्गाशी मिळतीजुळती होती, व ही गोष्ट त्यांनी लोकांपासून दडवली. तूसाँ १८९० मध्ये, पन्नाशी न गाठताच, वारले. थोरांच्या चरित्रातील अशी पाने वगळणे आम्हास योग्य वाटत नाही.

६ जुलै १८८५ रोजी, पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलास त्यांनी लस टोचवली आणि तो वाचला. १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेथूनच आलेल्या हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था आपल्या परिचयाची आहेच.

पाश्चर यांच्या श्रद्धेविषयी बरीच भाविक वचने त्यांच्या नावावर फिरतात. त्यांतील काहींना आधार सापडत नाही. ते नित्यनेमाने मिस्साला जाणारे नव्हते असे दिसते. परंतु १८८२ मध्ये फ्रेंच अकादमीत, नास्तिक विचारांचा बोलबाला असताना, मानवी बुद्धीपलीकडील अनंताचा त्यांनी निर्भयपणे पुरस्कार केला. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचा एक हात पत्नीच्या हाती होता व दुसऱ्या हातात क्रूस होता, असे त्यांच्या जावयाने लिहिलेल्या चरित्रात नमूद आहे.

नोत्र-दाम महामंदिरात त्यांचा अंत्यविधी झाला. पुढे त्यांचे अवशेष इन्स्टिट्यूटमधील तळघरात हलवण्यात आले. तेथील छतावर श्रद्धा, आशा, प्रीती आणि विज्ञान अशा चार देवदूतांची चित्रे आहेत. १९१० साली मारी यांनाही त्यांच्याजवळच विसावा मिळाला.