खलाशांची अंकलिपी

चक्रीवादळाचा मार्ग काढा, असा प्रश्न भूगोलाच्या परीक्षेत मी कधी पाहिला नाही. रायगड जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवीत असताना मी मात्र तो दरवर्षी घालत असे. वर्तमानपत्रात वादळाची बातमी आली, की तिच्यातले अक्षांश-रेखांश फळ्यावर लिहायचे, मुलांनी नकाशावर रोज एक ठिपका द्यायचा आणि ठिपके जोडायचे. चार दिवसांत वहीत एक वेडीवाकडी रेघ उमटे आणि पाचवा ठिपका कुठे पडणार यावर वर्गात गोळ्यांच्या पैजा लागत. हा उद्योग तुम्हाला कुणी शिकवला, असे मुलांनी विचारले की मी हेन्री पिडिंग्टनचे नाव सांगे. नाव ऐकून मुले हसत. पण त्याची गोष्ट ऐकताना गप्प होत.

पिडिंग्टन १७९७ साली इंग्लंडात जन्मला. पेशाने तो दर्यावर्दी. व्यापारी जहाजांवर कप्तानकी करून तो बंगालात आला आणि कायमचा तिथलाच झाला. कलकत्त्यात त्याने नाना तऱ्हेची कामे केली. खनिजांच्या संग्रहालयाची देखभाल केली, शेती-बागायतीच्या संस्थेचे चिटणीसपद सांभाळले. पण त्याला घडवले ते जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयातल्या कामाने. बुडालेल्या, डोलकाठ्या मोडलेल्या जहाजांच्या कहाण्या तिथे त्याच्यापुढे येत.

त्याआधी अमेरिकेत रेडफील्ड नावाच्या गृहस्थाला १८२१ च्या वादळानंतर हिंडताना दिसले होते, की एका भागात झाडे एका दिशेला पडली आहेत आणि काही अंतरावर नेमकी उलट दिशेला. म्हणजे वादळ सरळ धावत नाही, गरगर फिरत पुढे सरकते. हाच धागा धरून रीड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८३८ साली ग्रंथ लिहिला. तो पिडिंग्टनच्या हाती पडला आणि १८३९ पासून मरेपर्यंत हा माणूस वादळांच्या मागे लागला.

त्याची रीत आमच्या वर्गातल्यासारखीच, फक्त शतपट कष्टाची. वादळ होऊन गेले, की बंदरात येणाऱ्या जहाजांच्या रोजनिशा तो मागवी. अमुक दिवशी दुपारी जहाज कुठे होते, वारा कुठून होता, वायुभारमापकाचा पारा किती उतरला होता, हे सारे त्या खलाशांनी जीव मुठीत धरून टिपलेले असे. त्यात चुका असत, घड्याळे मागेपुढे असत. पिडिंग्टन प्रत्येक जहाज नकाशावर मांडी आणि वाऱ्याच्या दिशेला काटकोनात रेघ ओढी. दोन-तीन जहाजांच्या रेघा जिथे एकमेकींना छेदत, तिथे त्या दिवशीचा वादळाचा मध्य. असे रोजचे मध्य जोडले की वादळाची वाट. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने असे लेखांमागून लेख लिहिले.

चार्ल्स हेडल या जहाजाची कथा मुलांना फार आवडे. १८४५ साली मॉरिशसजवळ ते वादळात सापडले. कप्तान वारा पाठीवर घेऊन पळत राहिला आणि पाच दिवसांत जहाजाने वादळाच्या मध्याभोवती पाच प्रदक्षिणा घातल्या! रोजनिशी तपासून पिडिंग्टनने ते वेटोळे नकाशावर काढले. वारा फिरतो याला याहून मोठा पुरावा कुठला?

१८४८ साली त्याने खलाशांसाठी पुस्तक काढले. पूर्वी इंग्रजी मुले ज्या पाटीवर मुळाक्षरे गिरवीत, तिच्यावर शिंगाचा पातळ पारदर्शक पत्रा लावलेला असे; त्या पाटीचेच नाव त्याने पुस्तकाला दिले. आपल्याकडे त्याला खलाशांची अंकलिपी म्हणावे लागेल. सोबत शिंगाच्याच पारदर्शक चकत्या होत्या, त्यांवर वर्तुळे आणि वाऱ्याचे बाण. चकती नकाशावर सरकवायची, आपल्या जहाजावरचा वारा बाणाशी जुळवायचा, की वादळाचा मध्य कुठे ते कळे. विषुववृत्ताच्या उत्तरेला सोपा नियम असा, की वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, तर मध्य साधारण उजव्या हाताला. जगभर रूढ झालेला ‘सायक्लोन’ हा शब्द याच पुस्तकातला. ग्रीक भाषेतल्या सापाच्या वेटोळ्यावरून त्याने तो घडवला. वारा नेमक्या वर्तुळात फिरत नाही, आत वळत जातो, हे त्याने ओळखले होते.

याच माणसाने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीला जाहीर पत्र लिहिले. सुंदरबनातल्या मातला नदीवर नवे बंदर वसवायचे घाटत होते. वादळाबरोबर समुद्राची लाट आत घुसेल आणि सारे वाहून नेईल, असे त्याने बजावले. कुणी ऐकले नाही. १८५८ साली तो वारला. १८६४ मध्ये कलकत्त्याच्या वादळात सुमारे साठ हजार माणसे मेली. भारतीय हवामान खाते त्यानंतर, १८७५ साली आले. आणि मातलावरचे पोर्ट कॅनिंग? १८६७ च्या नोव्हेंबरात वादळाने ते झोडपले आणि थोड्याच वर्षांत ते सोडून द्यावे लागले.

मी निवृत्त झाल्यावर हे सारे मागे पडले होते. २ जून २०२० च्या संध्याकाळी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. निसर्ग वादळाचे ठिपके तो हवामान खात्याच्या पत्रकांवरून जोडत बसला होता. रेघ आधी उत्तरेला जात होती, आता ईशान्येला वळतेय सर, म्हणजे आपल्याकडेच, असे तो सांगत होता. सरकारी इशारा आम्हाला कळलेला होता. पण आमची ऐंशी पार केलेली आत्या कौलारू घर सोडायला तयार नव्हती. अशी वादळे खूप पाहिलीत, हे तिचे ठरलेले उत्तर. मी जुना नकाशा काढला, विद्यार्थ्याने सांगितलेले ठिपके दिले आणि रेघ तिच्यापुढे धरली. तिने चष्मा लावून ती बोटाने चाचपली, आपले गाव कुठे ते विचारले आणि न बोलता पिशवी भरायला घेतली. रात्री आम्ही शेजारच्या स्लॅबच्या घरी गेलो.

३ तारखेच्या दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढले. आमची अर्धी कौले उडाली, माजघरावर आंब्याची फांदी आली. नारळी-पोफळीची वाडी आडवी झाली होती. दुसऱ्या दिवशी मी होकायंत्र घेऊन एकेक पोफळ कोणत्या दिशेला पडली ते वहीत टिपत होतो, तेव्हा म्हाताऱ्याचे डोके फिरले असे घरातल्यांना वाटले. आत्या मात्र काठी टेकत आली आणि विहिरीपलीकडच्या दोन झाडांची दिशा राहिली म्हणाली.