रंग गेले, रेघ राहिली

मैत्रिणींनो, बदलीचा ट्रक दारात उभा राहिला की बाईच्या मनात काय काय चालतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गाद्या, भांडी, मुलांची दप्तरं, सगळं चढतं आणि आपलं असं काहीतरी नेमकं खाली राहतं. आम्ही या तालुक्याच्या गावी आलो तेव्हा माझी लग्नाआधीची लेडीज सायकल अशीच राहिली आणि पुढे भंगारात गेली. चित्रांची फाईल तेवढी ट्रंकेच्या तळाशी आली. शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. पुढे तेच शिकायचं मनात होतं. घरचे म्हणाले बी.ए. कर, मग बी.ए. केलं.

नवीन गाव, ओळखीचं कुणी नाही, दुपार सरता सरत नाही. म्हणून इथल्या सार्वजनिक वाचनालयात नाव घातलं. तिथे लक्ष्मणराव किर्लोस्करांची ओळख झाली. तोवर माझ्यासाठी किर्लोस्कर म्हणजे माहेरच्या विहिरीवर धकधकणारं इंजिन, एवढंच. त्या इंजिनामागे सायकलचं एक छोटंसं दुकान आहे आणि त्याच्याही मागे चित्रकार व्हायला निघालेला एक मुलगा आहे, हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर त्याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे गाढे अभ्यासक. मुलाने शिकून चारचौघांसारखं मार्गी लागावं, ही त्यांची इच्छा. मुलाचं लक्ष मात्र पुस्तकात कमी आणि चित्रं काढण्यात, काहीतरी खोलून परत जोडण्यात जास्त. अशी मुलं आपल्याही घरात असतात. घड्याळ उघडून बसलेल्या मुलाला आपण पहिला धपाटा घालतो, नाही का?

लक्ष्मणचं नशीब असं की थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. गुर्लहोसूर कुठे आणि मुंबई कुठे! पण आवडीचं शिक्षण मिळालं की माणूस परक्या गावातही रुळतो. दोन वर्षं बरी गेली आणि मग कळलं की त्याच्या डोळ्यांना काही रंगांमधला फरकच नीट दिसत नाही. अंशतः रंगांधळेपणा. यावर औषध नाही. ज्या विद्येसाठी घर सोडलं, तिची वाटच बंद झाली.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, खरं सांगते. माझं चित्रकलेचं राहिलं याचं खापर मी वर्षानुवर्षं घरच्यांवर फोडत आले होते. या मुलाला खापर फोडायलाही कुणी नव्हतं. डोळे त्याचे स्वतःचे होते.

लक्ष्मणने रंग सोडले, पण तो मुंबई सोडून गेला नाही. रंग दिसत नसले तरी रेघ दिसत होती, हात स्थिर होता. यंत्रांचे नकाशे काढायला रंगांचं अडत नाही. तिथे लागतं माप आणि नेमकेपणा. तो यांत्रिक रेखाटनाकडे वळला आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचा सहायक शिक्षक झाला. मुलांना शिकवता शिकवता तिथल्या कार्यशाळेतली यंत्रं स्वतः हाताळून पाहिली. परदेशी मासिकं वाचून नव्या यंत्रांची माहिती करून घेतली. आता त्यांना लक्ष्मणराव म्हणायला हवं.

याच काळात त्यांच्या आयुष्यात सायकल आली. तेव्हा मुंबईतसुद्धा सायकल म्हणजे अपूर्वाई. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, हे बघायला लोक थांबत. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या तिथे विकायच्या, असं भावाभावांनी ठरवलं. दुरुस्तीही तिथेच. १८८८ हे साल किर्लोस्करांच्या उद्योगाचं पहिलं साल म्हणून सांगतात, ते याच दुकानामुळे. ‘किर्लोस्कर बंधू’ हे नाव पुढे देशभर गेलं, पण त्याची सुरुवात दोन भावांनी मिळून चालवलेल्या सायकलच्या दुकानात आहे.

किंमत ऐकाल तर थक्क व्हाल. एक सायकल सातशे ते हजार रुपयांना जायची. तेव्हाचे हजार रुपये म्हणजे मोठीच रक्कम. सायकल चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे. आज आपण पोरांना मागून कॅरिअर धरून फुकट शिकवतो, धापा टाकतो आणि वर गुडघ्याला हळदही आपणच लावतो!

मुंबईत पगार होता, विद्यार्थ्यांत मान होता. वर्षं गेली, बढतीची वेळ आली आणि ती जागा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला. १८९७ च्या सुमाराची ही गोष्ट. वय अठ्ठावीसच्या आसपास, पत्नी राधाबाई, संसार पाठीशी. हाती काय, तर बेळगावचं सायकलचं दुकान. आपल्या घरी कुणी असा राजीनामा खिशात घालून आला, तर त्या रात्री घरात काय होईल, ते मनाशी आणून बघा. अपमान गिळून दर महिन्याला पगार आणणारी माणसं आपण पाहिलेली असतात, आणि त्यांनाही नावं ठेवता येत नाहीत. लक्ष्मणरावांना ते जमलं नाही, एवढंच. त्यांनी बिऱ्हाड बेळगावला हलवलं.

सायकलवर त्यांचं प्रेम होतं, पण बेळगावच्या आसपास पोट चालायचं ते शेतीवर. लक्ष्मणरावांच्या यांत्रिक डोक्याला दिसलं की शेतकरी आणि त्याची बायको दिवसभर जे करतात, त्यातलं बरंच काम एखादं साधं यंत्र करू शकेल. म्हणून आधी कडबा कापायचं यंत्र निघालं. विळ्याने कडबा तोडून ज्यांची बोटं कापली असतील, त्या बायकांना त्याची किंमत कळेल.

मग लोखंडी नांगर, १९०३ साली. लाकडी नांगर काळ्या जमिनीत खोल जात नसे. लोखंडी नांगर जाणार होता. पण शेतकरी त्याला हात लावीनात. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक जळतं, असा पक्का समज. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! एवढे दिवस तयार माल समोर पडून, भांडवल अडकलेलं आणि येणारा-जाणारा मान हलवून पुढे जातोय. या काळात लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना अडाणी म्हणून कामच सोडून दिलं असतं, तर कुणी बोललं नसतं. पण ज्याचं पोट एका पिकावर आहे, तो नव्या वस्तूला भिणारच. त्याला सांगत राहायचं, दाखवत राहायचं आणि नांगरातही सुधारणा करत राहायची. हे त्यांनी केलं. हळूहळू एकाचं शेत बघून दुसऱ्याने नांगर नेला आणि मग मागणी वाढली.

कारखान्याचं बस्तान बसतंय असं वाटेतो जागेवर गदा आली. गावाच्या विस्तारासाठी नगरपालिकेला ती जमीन हवी होती. म्हणजे पुन्हा बिऱ्हाड पाठीवर. नोकरदाराची बदली होते तेव्हा निदान जायचं कुठे ते कागदावर लिहिलेलं असतं. इथे लोखंड ओतायची भट्टी, यंत्रं, कामगार, सगळं घेऊन जायचं कुठे, हेच ठाऊक नव्हतं.

या अडचणीत मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे म्हणून ते आपल्याला माहीत आहेत, पण ते स्वतः चांगले चित्रकारही होते. चित्र सोडावं लागलेल्या कारखानदाराला चित्रकार राजा भेटावा, याची मला फार गंमत वाटते. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि बिनव्याजी कर्जही दिलं. १९१० च्या मार्चमध्ये तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. आज हे गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येतं आणि स्टेशनलाही किर्लोस्करवाडी हेच नाव आहे.

माळ म्हणजे कसा? निवडुंगाचं रान आणि सापांची वस्ती. अशा ठिकाणी पंचवीस कामगार बायकामुलांसह राहायला गेले. कारखान्याचा इतिहास सांगताना आपण नांगर, भट्टी, भांडवल असं सांगतो. मला मात्र राधाबाई आणि त्यांच्यासोबतच्या बायका डोळ्यांपुढून हलत नाहीत. पाणी कुठून भरायचं, पिठाचा डबा कुठे ठेवायचा, तान्ह्याला अंथरुणावर ठेवण्याआधी अंथरूण किती वेळा झटकायचं, हे प्रश्न कारखान्याच्या नकाशात काढता येत नाहीत. राधाबाईंचा मुलगा शंतनू तेव्हा जेमतेम सात वर्षांचा होता. पुढे अमेरिकेत इंजिनिअर होऊन आलेले आणि उद्योग कुठच्या कुठे नेणारे शंतनुराव किर्लोस्कर ते हेच. त्यांचं बालपण या निवडुंगाच्या माळावर गेलं.

माळावर कारखाना उभा राहिला, घरं झाली, गाव झालं. लक्ष्मणरावांनी तिथे शिवाशिव मानली नाही. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी काम दिलं, इतकंच काय, रात्रीच्या पहाऱ्यालाही ठेवलं. आपण साध्या धुणीभांडीवाल्या बाईच्या मागे कपाटाची किल्ली तपासतो. मी तपासते, म्हणून म्हणते.

पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. नांगरांपाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप असं एकेक बाहेर पडू लागलं. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर बंधू’ ही मर्यादित कंपनी झाली.

आणि मैत्रिणींनो, आपल्याशी थेट नातं सांगणारी गोष्ट अजून राहिलीच. त्याच माळावरच्या छापखान्यातून, लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली, तिचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये त्यांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. माझ्या आजेसासूबाईंच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली ‘स्त्री’चे जुने अंक होते. बायकांचं शिक्षण, लग्न, मन यांबद्दल घरात बसून वाचायला मिळणं त्या काळी केवढं मोठं असेल! ती वाट सायकलच्या दुकानापासून सुरू होऊन आपल्या माजघरापर्यंत आली होती.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. बेळगावातला किर्लोस्कर रोड त्या जुन्या दुकानाची आठवण ठेवून आहे.

आता थोडं आमचं. जवळच्या वस्तीवर सातवीनंतर तीन मुलींची शाळा थांबणार होती. हायस्कूल चार किलोमीटरवर आणि एस.टी. शाळेच्या वेळेला नाही. आमच्या महिला मंडळाने घराघरांतल्या अडगळीत पडलेल्या सायकली मागून आणल्या. दुरुस्तीवाल्याने फक्त सामानाचे पैसे घेतले. नऊ सायकली तयार झाल्या आणि महिनाभर एकही गेली नाही. रस्ता सामसूम आहे, पोरी एकट्या कशा जाणार, असं प्रत्येक घरी ऐकलं. मला राग आला होता. आपण एवढं करतोय आणि यांना किंमत नाही, असं मी मंडळात बोलूनही गेले. घरी आल्यावर तो न विकलेला नांगर आठवला. भीती खोटी नव्हती. रस्ता खरंच सामसूम होता.

मग मी त्यातलीच एक सायकल काढली. वीस-बावीस वर्षांनी सायकलवर बसत होते. साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला, दोनदा पडले, शेजारच्या काकू हसल्या. पण आठ दिवस सकाळी त्या तिघींना हायस्कूलपर्यंत सोबत केली आणि संध्याकाळी आणायला गेले. नवव्या दिवशी एका मुलीची आईच म्हणाली की आता तुम्ही येऊ नका, त्या तिघी मिळून जातील. आता नऊपैकी सात सायकली रस्त्यावर आहेत. उरलेल्या दोन अजून माझ्या ओट्यावर आहेत आणि दोन घरी माझं समजावणं चालू आहे.

त्या सात सायकलींच्या मडगार्डवर मुलींची नावं मी रंगवून दिली. एकीला नावाशेजारी मोर हवा होता. ट्रंकेतली फाईल काढली, जुना मोर शोधला आणि ब्रश हातात घेतला. हात थोडा कापला, पण रेघ जमली.