इतिहासाचा विद्यार्थी : न्यायमूर्ती रानडे

इतिहास शिकून पुढे काय करणार, हा प्रश्न अनेक घरांतून विचारला जातो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्रात त्याचे उत्तर सापडते.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले व पुढील शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याच्या पहिल्या पदवीधरांत रानडे यांचे नाव झळकले. इतिहास व अर्थशास्त्र हे त्यांचे विशेष व्यासंगाचे विषय होते.

विद्यार्थिदशेतील एक प्रसंग त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या व इंग्रजांच्या राज्यकारभाराची तुलना करून मराठ्यांची बाजू उचलून धरली. प्राचार्य ग्रँट यांना ते रुचले नाही व त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या तरुणाला हा दंड लहान नव्हता. परंतु त्यांनी आपला अभ्यास सोडला नाही.

पुढे कायद्याची पदवी घेऊन ते न्यायखात्यात शिरले. वरवर पाहता इतिहास मागे पडला. पण तसे झाले नाही. १८७५ साली पुणे व नगर भागांत कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. केवळ कर्जरोखा पाहून निकाल न देता व्यवहाराचा प्रारंभापासूनचा इतिहास तपासावा, असे त्या कायद्याने न्यायालयांना बजावले. पुढे याच कायद्याखाली रानडे विशेष न्यायाधीश झाले. कार्यापासून कारणापर्यंत जाण्याची इतिहासाभ्यासकाची सवय येथे गरिबाच्या उपयोगी पडली.

अर्थशास्त्रातही तेच घडले. इंग्लंडच्या अनुभवावर बेतलेले सिद्धांत सर्व देशांना व सर्व काळांना लागू पडत नाहीत, हे त्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात दाखवून दिले. हिंदुस्थानात उद्योगधंदे वाढले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता.

१८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. एवढ्या व्यापातही तरुणपणीचा विषय त्यांच्या मनात जागाच होता. १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ती सत्ता हे योगायोगाचे फळ नसून, संतांनी व सामान्य जनांनी तिची भूमी तयार केली होती, असे त्यांनी त्यात मांडले. ज्या लेखणीला एकदा दंड झाला, तिनेच हा ग्रंथ लिहिला! १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

आपली उज्जयिनी एके काळी शिंद्यांची राजधानी होती आणि येथील कित्येक मराठी घराणी त्या काळात माळव्यात आली. तेव्हा हा इतिहास आपल्या घरचाच आहे. विद्यार्थिमित्रहो, सनावळी कदाचित विस्मरणात जाईल. पण ‘हे असे का झाले?’ असे विचारण्याची सवय जडली, तर ती कोणत्याही व्यवसायात साथ देईल.